भट्टीतला लाल रंग

आमच्या घरात रंगावरून वाद कधी झाला नाही, कारण वादाला दोन बाजू लागतात. हे म्हणतील तो रंग. हे म्हणजे माझे यजमान. नाव न घेण्याची पद्धत मी पाळते अशातला भाग नाही, पण इतकी वर्षं 'अहो'वर भागलं, आता लिहिताना नवीन सवय कशाला लावून घ्या. ह्यांनी सारी नोकरी चिंचवडच्या बाजूच्या एका रंगाच्या कारखान्यात केली आणि त्यांचं काम होतं छटा जुळवण्याचं. गिऱ्हाइकानं पत्र्याचा एखादा तुकडा आणून द्यायचा आणि म्हणायचं, अस्साच हवा. मग हे टाकीत चिमूटभर काळा, थेंबभर पिवळा घालत घालत तिथवर पोचायचे. पुढे यंत्रं आली, तरी शेवटचा होकार ह्यांचाच लागे. त्याचा त्रास मला असा, की लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला गेलं की दुकानदार 'मोतिया' म्हणायचा आणि हे म्हणायचे, "मोतिया नाही हा. ह्यात करडा आहे." चहा मागवायला उघडलेलं तोंड दुकानदार गपकन मिटून घ्यायचा.

अशा माणसाच्या डोळ्यांना दुखणं लागलं. सुरुवातीला दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसायला लागली. मग वर्तमानपत्राच्या ओळीतली मधली अक्षरं गायब. सदाशिव पेठेत आमचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांनी सगळ्या तपासण्या करून खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, दृष्टीचा मधला भाग हळूहळू जाईल, कडेचं दिसत राहील. घरात वावरता येईल, रस्त्यानं चालता येईल. वाचन, माणसांचे चेहरे, रंग हे मात्र कमी कमी होत जाईल. इंजेक्शनं देऊन वेग कमी करता येतो, थांबवता येत नाही.

"म्हणजे आता भिंतीवरच्या डागांवर मला बोलता येणार नाही," हे म्हणाले. "हिची सोय झाली."

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. रिक्षानं घरी आलो, मी चहा टाकला आणि सरळच विचारलं, अजून दिसतंय तोवर काय बघायचंय तुम्हाला. मला वाटलं होतं, परदेशातल्या मुलीकडे जाऊ म्हणतील, किंवा कोकणातला समुद्र. हे कप खाली ठेवून म्हणाले, "तो लाल."

कोणता लाल ते मला लगेच कळलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आम्ही मुंबईला गेलो होतो आणि दुपारचा वेळ काढायला एका संग्रहालयात शिरलो होतो. तिथं काचेच्या कपाटात एक चिनी फुलदाणी होती. नक्षी नाही, फूल नाही, पान नाही, अंगभर एकच लाल. तोंडाच्या काठावर तो लाल पांढरा पडलेला आणि खाली बुडाशी दाट होऊन थांबलेला. हे तिच्यापुढे जे उभे राहिले ते हलेनात. मी सगळं संग्रहालय बघून परत आले तरी तिथंच. म्हणाले, "हा वरून लावलेला नाही. आत आहे. हा मला नसता जमला." ह्यांनी रंगापुढे हार मानल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

तेव्हा मी म्हटलं, एवढंच ना, चला मुंबईला. गेलो. फुलदाणी होती तिथंच होती, पण दालनातले दिवे आता मंद ठेवतात आणि कपाटाच्या काचेत त्या दिव्यांचे ठिपके पडतात. हे मान इकडे करून बघत होते, तिकडे करून बघत होते, पुढे वाकले तर रखवालदार म्हणाला, मागे व्हा आजोबा. परतीच्या बसमध्ये खंडाळ्याशी म्हणाले, "रंग असा दिव्याखाली बघत नाहीत. उत्तरेच्या उजेडात बघतात, हातात घेऊन. जाऊ दे."

ह्या माणसानं साड्यांच्या बाबतीतही कधी 'जाऊ दे' म्हटलं नव्हतं. मला ते दोन शब्द सहन झाले नाहीत. मी बसमध्येच ठरवलं, की तो लाल ह्यांच्या हातात द्यायचा, घरच्या उजेडात, डोळे आहेत तोवर.

ठरवायला काय जातं. शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले होते आणि रिकामा वेळ नको म्हणून धायरीच्या पुढे एका मातीकामाच्या वर्गाला जात होते. तोवरची माझी कमाई म्हणजे साबणाच्या बशा. आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे माझ्या हातची एकेक साबणाची बशी आहे आणि सगळ्यांकडे पाणी त्या बशीतून भलत्याच बाजूनं बाहेर येतं. वर्ग घेणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. ती मला काकू म्हणते आणि मी तिला बाई म्हणते, कारण शिकवणाऱ्या बाईंना बाईच म्हणायचं असतं. पत्र्याच्या शेडमध्ये तिनं स्वतः विटा रचून गॅसची भट्टी बांधली आहे.

मी तिला सगळं सांगितलं, डोळ्यांसकट. फळीवरून दोन छोट्या फरश्या काढून तिनं माझ्या हातात ठेवल्या, एक हिरवी आणि एक लाल.

"काकू, दोन्हीत तेच आहे. तांबं."

मला खोटंच वाटलं. तिनं समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपण 'चिनी माती' हा शब्द कपबशी आणि लोणच्याच्या बरणीपुरता वापरतो, पण चीनच्या कुंभारांनी त्या मातीवर शेकडो वर्षं जे केलं ते वेगळंच प्रकरण आहे. ते भांड्यावर रंग काढत बसले नाहीत. राख, चुना, गारगोटीची पूड ह्यांची झिलई कालवायची, तिच्यात एखाद्या धातूची चिमूट टाकायची, आणि लोखंड वितळण्याच्या जवळपास जाणाऱ्या आचेत भांडं भाजायचं. झिलईची काच होते आणि धातू त्या काचेत विरघळून रंग होतो. एकाच लोखंडातून त्यांनी पाण्यासारखा हिरवट रंगही काढला आणि जवळजवळ काळाही. तांब्याचं तर अजबच. भट्टीत मोकळी हवा असेल तर तांबं हिरवं येतं. हवा कोंडली, की आगीला प्राणवायू मिळेनासा होतो, मग ती तो झिलईतल्या तांब्याकडून ओढून घेते आणि तांबं लाल होतं. हवा किती कोंडायची, कधी कोंडायची, कधी सोडायची, ह्यात सगळी कला. बादशहाच्या पूजेत सूर्यासाठी लाल भांडी लागत आणि चंद्रासाठी पांढरी. मध्ये बराच काळ तो लाल त्यांच्या हातून निसटला आणि पुढच्या पिढ्यांनी धडपडून पुन्हा मिळवला. हे ऐकून मला फार बरं वाटलं. बादशहाच्या कुंभारांनाही जो हुलकावणी देऊन गेला, तो मला नाही जमला तर मला कोण नावं ठेवणार?

बाई मात्र ह्या कामात माझ्यापेक्षा जास्त गुंतली. तिनंही तो लाल नीट असा कधी काढला नव्हता. ती फरशी म्हणे एकदा चुकून आली होती.

फुलदाणी मला झेपणारी नव्हती, म्हणून मी वाडगे केले. पहिल्या वेळी ते आले कलेजीच्या रंगाचे, तेही शिळ्या. हवा फार कोंडली गेली होती. दुसऱ्या वेळी शेवाळ. हवा फार मोकळी राहिली. तिसऱ्या वेळचा प्रकार बघून मला हसावं की रडावं कळेना. माझा वाडगा आला पांढराफटक, आणि वर्गातल्या एका आयटीतल्या मुलाचा पांढरा मग शेजारी ठेवला होता, त्याच्या गालावर सुंदर गुलाबी झाक. आचेत तांब्याची वाफ होते आणि ती शेजाऱ्याच्या भांड्यावर जाऊन बसते, असं बाई म्हणाली. तो मुलगा खूश. "काकू, थँक्स, हे सो क्यूट झालंय," म्हणाला. माझं तांबं, माझी मेहनत आणि लाली ह्याच्या मगावर. पण पोरानं तो मग अजून जपून ठेवला आहे, म्हणून मी त्याला माफ केलं.

फसलेला प्रत्येक वाडगा मी घरी न्यायची. हे तो घेऊन गॅलरीत जायचे, आमची गॅलरी उत्तरेला आहे, आणि निकाल द्यायचे. पहिल्याला म्हणाले, "ह्यात काळा जास्त आहे." दुसऱ्याला म्हणाले, "शेवाळ. पण चांगल्या विहिरीचं." मी चिडायची आणि मनातून सुखावायची, कारण निकाल अचूक होते. चौथा वाडगा तपकिरी आला होता, मधूनच करडा. तो ह्यांनी हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि मला विचारलं, "हा हिरवा ना गं?"

मी "हो" म्हटलं आणि आत जाऊन भाजी चिरायला बसले. मला हात चालवायला काहीतरी हवं होतं.

त्या दिवसापासून ते काम माझ्या हौसेचं राहिलं नाही. मी बाईला सांगितलं, आता फार वेळ नाही. बाईनं झिलई नव्यानं कालवली. तिच्यात जरुरीची असलेली कथलाची भुकटी तिच्याकडे अगदी शेवटची उरली होती आणि ती पुन्हा यायला वेळ लागणार होता. झिलई झाली ती बादलीच्या तळाशी, एका वाडग्यापुरती आणि दोन-चार पेल्यांपुरती. वाडगा मी पांढऱ्या मातीचा, हातात बसेल असा केला होता. झिलईत बुडवून वर काढला आणि सुकायला ठेवला. सुकलेली झिलई म्हणजे अंगावर बसलेली पिठी. बोट लागलं तर निघून हातात येते, म्हणून त्या फळीजवळ कोणी फिरकायचंसुद्धा नाही असा बाईचा दंडक.

आता ज्यांच्या जागेत ती शेड आहे त्या आक्कांबद्दल सांगायला हवं. गाव पुण्यात आलं तेव्हा त्यांच्या घरानं बरीचशी जमीन बिल्डरला दिली. आता त्यांच्या दारासमोर उंच इमारती आहेत आणि गोठ्याच्या जागी शेड. बैल कधीच गेले. पण पोळ्याला आक्कांना बैल लागतातच, म्हणून त्या बाईकडून दर वर्षी मातीची जोडी करून घेतात आणि तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. त्या आमच्या शेडमध्ये येऊन बसत, आमच्या भांड्यांना नाकं मुरडत आणि भाकरी-पिठलं आणून घालत. शेडची एक किल्ली त्यांच्याकडे असे.

मी झिलई लावत होते तेव्हा त्या शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, "ह्या रंगाला काय म्हंत्यात?"

बाई कामाच्या नादात बोलून गेली, की युरोपातल्या लोकांनी ह्याला 'बैलाचं रक्त' असं नाव दिलं आहे.

आक्कांचा चेहरा उतरला. "आसलं वंगाळ नाव? आमी बैलाच्या पाया पडतो, अन् तुमी त्याच्या रगताचं भांडं करताय व्हय? त्येबी माज्या गोठ्याच्या जागंत?"

बाईनं सांगून बघितलं, की नुसतं नाव आहे, आत तांबं आहे, बैलाचा काही संबंध नाही. आक्का "आसंल" म्हणाल्या आणि उठून गेल्या. आम्हाला वाटलं, विषय संपला.

पुढे नवरात्र आलं. वर्ग बंद होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी भरायची असं ठरलं होतं, सिलिंडर येऊन पडले होते. मी आणि बाई एकदमच शेडवर पोचलो. बाईनं दार उघडलं. भट्टीला झेंडूचा हार. चाकाला झेंडूचा हार. पाण्याच्या बादलीवर हळदी-कुंकू, वजनकाट्यावर हळदी-कुंकू. खंडेनवमीला आक्कांनी आमच्या हत्यारांची पूजा केली होती. फार छान वाटलं मला, खरंच. मग मी फळीकडे बघितलं.

फळीवरच्या एकेका भांड्याला ओल्या बोटानं हळद आणि कुंकू लावलेलं होतं. आणि माझ्या वाडग्याला नुसता टिळा नव्हता. नव्या गाडीला, नव्या तिजोरीला ओढतात तशी पाच बोटं ओढलेली होती, काठापासून खाली, ओल्या कुंकवाची. बोटांखालची झिलई तिथून पार निघून आली होती. आत दोन अक्षताही टाकल्या होत्या.

आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाल्या, "त्या वंगाळ नावाचं निवारण क्येलं म्या. आता काय बी व्हनार न्हाय."

मला रडू आलं, रागाचं. बोलायला तोंड उघडलं तर बाईनं माझ्या दंडाला हात लावला. आक्कांना ती म्हणाली, "बरं केलंत आक्का. चहा ठेवता का आम्हाला?" त्या गेल्यावर मी म्हटलं, पुन्हा झिलई लावू या. ती म्हणाली, कशातून? बादली खरवडून चार थेंब निघतील, आणि कुंकवावरून ठिगळ लावलं तर आचेत झिलई गोळा होऊन उरलेलीसुद्धा सोलून येईल. "काकू, वाट बघायची असेल तर बघू. कथलाला महिना लागेल, कदाचित जास्त." तिचा प्रश्न मला कळला. ह्यांच्या डोळ्यांकडे महिना होता की नाही, हे तिला किंवा मला माहीत नव्हतं.

"जाऊ दे तसाच," मी म्हटलं. अक्षता काढल्या आणि वाडगा तिच्या हातात दिला.

त्या दिवशी बाईनं काम केलं ते मी विसरणार नाही. आधीच्या सगळ्या वेळी ती हवा उशिरा कोंडत होती, झिलई वितळायला लागल्यावर. ह्या वेळी म्हणाली, झिलई मिटायच्या आधीच कोंडायला हवी, एकदा काच झाली की आत काही शिरत नाही. दुपारच्या आधीच तिनं धुराड्याची झडप सरकवून सरकवून अर्धी बंद केली. भट्टीच्या भोकातून हातभर ज्वाळ बाहेर यायला लागली, आधी पिवळी, मग हिरवट कडांची. शेडमध्ये उभं राहवेना. आक्कांनी भाकरी, पिठलं आणि ठेचा आणला आणि आम्ही बाहेर लिंबाखाली बसून आळीपाळीनं जेवलो. संध्याकाळी भोकातून बघितलं तर आतले शंकू वाकले होते. आच पुरी झाली की वाकावेत अशाच मातीचे ते केलेले असतात. बाईनं गॅस बंद केला आणि भट्टीची सगळी भोकं विटेनं बुजवली. मग ती जमिनीवरच बसली. तिचा चेहरा भाजून लाल झाला होता. मी तिला पाणी दिलं. ह्या मुलीचं माझ्याशी नातं काय, तर मी तिच्या वर्गाची फी भरते. तिनं हे का केलं असेल ते मी तिला कधी विचारलं नाही. तिचे उपकार मी आनंदानं अंगावर वागवते.

भट्टी आपोआप निवायला दोन दिवस लागतात. तेवढ्यात ह्यांच्या एका डोळ्याच्या मध्ये धुरकट ठिपका बसला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बघू म्हणाले.

भट्टी उघडली तेव्हा आक्काही आल्या होत्या. बाईनं विटा काढल्या, आत हात घातला आणि माझा वाडगा जाड हातमोज्यात धरून बाहेर आणला. मला आधी दिसले ते पाच पांढरे पट्टे, आक्कांच्या बोटांचे; कुंकू जळून गेलं होतं आणि खालची माती उघडी पडली होती. सगळं फुकट गेलं, असं मनात आलं. मी बाईकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"काकू, पट्ट्यांकडे काय बघताय. लाल आलाय."

आला होता. पट्ट्यांच्या मधे, खाली, आत, सगळीकडे. खोल, ओला, बघत राहावं असा. आक्का जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माजी बोटं उमटली की वो. नासलं का काय?" मी त्यांना जवळ घेतलं. सकाळपर्यंत मी त्यांच्यासाठी फार वेगळे शब्द जमवून ठेवले होते.

वाडगा टॉवेलात गुंडाळून घरी आणला. बाईचं आणि माझं ठरलं होतं, की रंग कोणता आलाय ते सांगायचं नाही. पण खरं सांगते, माझी तयारी दोन्हीची होती. ह्यांना दिसलंच नाही तर मी म्हणणार होते, लाल आलाय, अगदी तस्सा. ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत हे बसले असताना मी वाडगा त्यांच्या हातात ठेवला आणि शेजारी बसले. चहा मध्ये ठेवला होता.

ह्यांनी वाडगा समोर धरला. बराच वेळ. "काहीतरी गडद आहे," म्हणाले.

मग ह्यांनी मान वळवली. समोरच्या इमारतीच्या टाकीकडे तोंड केलं आणि वाडगा बाजूला, कानाच्या रेषेत धरला. मधलं जात असेल तर कडेनं बघायला शिका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे ते मुकाट्यानं शिकत होते हे मला माहीत नव्हतं. टाकीकडे बघत बघत वाडगा हळूहळू फिरवत होते. मध्येच थांबले.

"हे पांढरं कसलं?"

मी आक्कांची पूजा, बैल, कुंकू, पाच बोटं, सगळं सांगितलं. हे मोठ्यानं हसले. कित्येक दिवसांनी.

"त्या आक्कांना माझा नमस्कार सांग. शेजारी पांढरं नसेल तर रंग कळत नाही. कारखान्यात आम्ही पांढरी पट्टी लावल्याशिवाय छटा बघतच नव्हतो. नुसता वाडगा असता तर मला हा गडद गोळा दिसला असता." आणि पुन्हा टाकीकडे तोंड करून, पट्ट्यावर अंगठा ठेवून फिरवायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "लाल आहे."

मी "हो" म्हटलं. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी कशामागे लागले आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. इतके दिवस मी भट्टीवर राबले हेही माहीत होतं. माझ्यासाठी म्हणत असतील तर? मी खोटं बोलायची तयारी केली होती, तशीच त्यांनीही केली नसेल कशावरून? विचारायचं कसं, आणि विचारून उत्तर काय येणार? चहावर साय धरली. हे वाडगा फिरवतच होते, एकदा डावीकडे धरून, एकदा उजवीकडे धरून.

आज हे लिहिते आहे तेव्हा मधला भाग दोन्ही डोळ्यांचा गेलेला आहे. हे शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत आहेत, चालतात, फिरतात, भाजीत मीठ कमी असलं तर सांगतात. मला तक्रार करायला जागा नाही. बाई मिळाली, आक्का मिळाल्या, आणि ज्यांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत त्या चीनच्या कुंभारांनी आग कोंडून बघितली होती म्हणून आम्हाला ती सकाळ मिळाली. ह्या सगळ्यांची मी ऋणी आहे आणि ते फेडायचं कसं हे मला माहीत नाही.

त्या सकाळी ह्यांनी अखेर वाडगा मांडीवर ठेवला आणि कपाळाला आठी घातली. साडीच्या दुकानात घालायचे तीच.

"बुडाशी आतल्या बाजूनं निळ्याकडे झुकतोय," म्हणाले.

मी वाडगा उचलला आणि कठड्याशी नेऊन उजेडात तिरका धरला. आत, अगदी बुडाशी, जिथं काच जाड होऊन साचली होती तिथं, लालाखाली निळसर झाक होती. भट्टीतून काढल्यापासून मी तो वाडगा किती वेळा बघितला असेल. मला ती दिसली नव्हती.